पावसाळ्यात राजगडाचा फॉन्डंट केक करायचा आहे : अनुभवी घरगुती बेकर्सचे मार्गदर्शन हवे

सोनटक्का

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि गेली ४ वर्षे घरून ऑर्डरचे केक करते. क्रीमच्या केकवर माझा हात बसला आहे, पण फॉन्डंटच्या (साखरेच्या मळून लाटलेल्या आवरणाच्या) थीम केकबद्दल, त्यातही पावसाळ्यातल्या, मला अजून खात्री वाटत नाही. त्याचे कारण मागच्या वर्षीच्या जुलैमध्ये घडलेला प्रसंग आहे. एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसासाठी मी जंगलाच्या थीमचा दोन थरांचा केक केला होता. आत नेहमीचा मऊ स्पंज आणि व्हिप्ड क्रीम होते, वरून पूर्ण फॉन्डंट होता आणि केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. हॉलमध्ये वातानुकूलन नव्हते. पाऊण तासात खालच्या थराला घाम फुटला, हिरवा रंग ओघळून पांढऱ्या कडेवर उतरला आणि वरचा हत्ती हळूहळू एका बाजूला कलला. यजमान मला काहीच बोलले नाहीत, पण फोटो काढण्यापूर्वी बाळाच्या आजीने खराब झालेली बाजू भिंतीकडे यावी म्हणून केक अलगद फिरवून ठेवला, ते मी पाहिले. त्यानंतर वर्षभर मी पूर्ण फॉन्डंटची एकही ऑर्डर घेतली नाही.

आता २६ जुलैसाठी एक ऑर्डर आली आहे आणि ती नाकारावीशी वाटत नाही. मुलगा ५ वर्षांचा होतो आहे. हिवाळ्यात तो बाबांबरोबर राजगडावर जाऊन आला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, असे त्याची आई म्हणाली. त्यांना सुमारे ४० पाहुण्यांसाठी ३ किलोचा, अंड्याविना, शाकाहारी केक हवा आहे. त्यावर तटबंदी, बुरूज, मावळे आणि सर्वांत वर सिंहासनावर बसलेले महाराज असावेत, अशी त्यांची इच्छा आहे. आतला केक कोणता करावा, फॉन्डंट घरी करावा की विकतचा घ्यावा आणि या हवेत तो दोन-अडीच तास कसा टिकवावा, याबद्दल कृपया सविस्तर सांगावे.

निशिगंध

सोनटक्काताई, मी पुण्यात १० वर्षांपासून थीम केक करते आहे. तुमच्या जंगलाच्या केकचे वर्णन वाचून मला माझेच सुरुवातीचे दोन पावसाळे आठवले. थीम ठरवताना आपण सगळे लक्ष बाहुल्यांवर आणि रंगांवर देतो. केक उभा राहतो तो मात्र आतल्या केकमुळे आणि त्यावरच्या पहिल्या लेपामुळे. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी असते आणि फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच असते, त्यामुळे ही दोन्ही एकमेकांना चिकटून रात्रभर राहिली की साखर ते पाणी ओढून घेते आणि आतूनच विरघळायला लागते. हॉलमध्ये पोहोचण्याआधीच तुमच्या केकचे निम्मे नुकसान होऊन गेले होते.

राजगडासाठी आतला केक घट्ट वीण असलेला हवा. मी अंड्याविना केकसाठी कंडेन्स्ड मिल्क आणि दही वापरून चॉकलेट केक करते, आणि तो आदल्या दिवशी भाजून, थंड झाल्यावर घट्ट गुंडाळून ठेवते. ताजा केक कोरायला घेतला तर कडा ढासळतात. एक दिवस मुरलेला केक मात्र सुरीला साथ देतो. वरून आणि आत गनाशच, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा घट्ट लेपच, वापरा. थंडीच्या दिवसांत डार्क चॉकलेट आणि क्रीम २:१ या प्रमाणात पुरते, पण जुलैतल्या ठाण्यात मी कम्पाउंड चॉकलेट घेऊन ३:१ हे प्रमाण ठेवीन. तुमच्या केकला साधारण ९०० ग्रॅम चॉकलेट आणि ३०० ग्रॅम अमूल फ्रेश क्रीम लागेल. कम्पाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असते, म्हणून त्याची चव थोडी कमी असते हे मला मान्य आहे, पण या हवेत त्याचा घट्टपणा मोलाचा ठरतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा केक पूर्णपणे फॉन्डंटने झाकूच नका. राजगड हा डोंगर आहे आणि पावसाळ्यात तो हिरवागार असतो. डोंगराचे उतार गनाशचे राहू द्या, त्यावर केकचा चुरा आणि हिरवा रंग दिलेले डेसिकेटेड खोबरे दाबून लावा, आणि फॉन्डंट फक्त तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि मावळे यांच्यासाठी वापरा. पूर्ण झाकायला तुम्हाला दीड किलोच्या आसपास फॉन्डंट लागला असता, तो आता ५००-६०० ग्रॅममध्ये होईल. घाम येणारा पृष्ठभाग कमी होईल आणि पाहुण्यांच्या बशीत सोलून ठेवलेल्या गोड साली उरणार नाहीत. जिथे थीमला फॉन्डंटची खरी गरज आहे तिथेच तो असावा, या मतावर मी अनेक केकनंतर आले आहे.

पाटवडी

मी नाशिकची. निशिगंधताईंचा अनुभव मोठा आहे, तरी क्रीमवर फॉन्डंट चालतच नाही हे मला पूर्णपणे पटत नाही. आमच्याकडे बहुतेक ग्राहकांना आत मऊ क्रीम केकच हवा असतो. मी क्रीमच्या थरांभोवती बटरक्रीमचा अर्ध्या सेंटिमीटरचा लेप देते, केक फ्रिजमध्ये कडक करते, फॉन्डंट नेण्याच्या दिवशी सकाळी चढवते आणि आजवर माझा एकही केक बसलेला नाही. घरी आम्ही दुसरी पद्धत वापरतो तिला सेमी फॉन्डंट म्हणतात : केक क्रीमचाच असतो, फक्त बाहुल्या फॉन्डंटच्या असतात आणि त्या चॉकलेटच्या पातळ चकतीवर ठेवून देण्याच्या वेळी बसवतात. ४० पाहुण्यांना गनाशचा घट्ट केक जड होणार नाही का?

दगडफूल

मी अन्न तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले आहे आणि बायको घरून केक करते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. पाटवडीताईंचा अनुभव खरा आहे, कारण नाशिकची हवा ठाण्यापेक्षा कोरडी असते. साखर हवेतले बाष्प शोषून घेते. किनारपट्टीवर जुलैमध्ये हवा दिवसरात्र बाष्पाने भरलेली असते आणि तिथे फॉन्डंट काहीही न करता नुसता ठेवला तरी चिकट होतो. त्यातून फ्रिजमधला थंड केक अशा हवेत आणला, तर थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात तसेच केकवरही जमतात, आणि ते थेंब साखर व रंग दोन्ही विरघळवतात. घाम म्हणतात तो हाच. ठाण्यात, जुलैमध्ये, वातानुकूलन नसलेल्या हॉलमध्ये क्रीमचा केक थंड ठेवल्याशिवाय टिकणार नाही, आणि थंड ठेवला की बाहेर काढल्यावर फॉन्डंटला घाम येणार. गनाशच्या केकला फ्रिजची गरज कमी असल्यामुळे हा पेच सुटतो.

तरीही केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, खोके चिकटपट्टीने बंद करून ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर दीड-दोन तास ते खोके उघडू नये. थेंब जमायचे ते खोक्यावर जमतात आणि केक आत हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. एवढे करूनही घाम आलाच, तर कपड्याने किंवा टिश्यूने मुळीच टिपू नये. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवला की तो बराचसा आपोआप सुकतो. हात लावलेल्या जागी मात्र डाग कायमचा राहतो.

फॉन्डंट घरी करण्याबद्दल सांगायचे तर मार्शमॅलोपासूनचा फॉन्डंट सोपा आहे, पण नेहमीच्या मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून मिळते. आपल्या ग्राहकांना शाकाहारी केक हवा आहे, तेव्हा हिरवे चिन्ह असलेला, वनस्पतिजन्य डिंक वापरलेला तयार फॉन्डंट घ्यावा हे उत्तम. पाकिटावर घटक वाचल्याशिवाय घेऊ नये.

कण्हेर

केकची माहिती मला नाही, पण गड-किल्ल्यांवर मी बराच फिरलो आहे, म्हणून थीमबद्दल लिहितो. राजगड ही महाराजांची आधीची राजधानी. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला तो रायगडावर. त्यामुळे राजगडावर सिंहासन दाखवणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याहून मोठा प्रश्न असा, की जो केक कापायचा आणि खायचा आहे त्यावर महाराजांची मूर्ती असावी का? माझ्या मते नसावी. आई-वडिलांची भावना प्रेमाचीच आहे, याबद्दल शंका नाही. पण शेवटी कोणीतरी ती मूर्ती उचलणार, ती चिकट होणार, तिचे तुकडे होणार, आणि त्या वेळी सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होईल. बालेकिल्ल्यावर भगवे निशाण लावावे, ते पुरेसे बोलके आहे.

राजगडाची रचना केकला फार सोयीची आहे. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याभोवती पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आहेत. संजीवनी सर्वांत लांब आणि निमुळती, तिचे दुहेरी चिलखती बुरूज प्रसिद्ध आहेत. सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. मुलगा गडावर जाऊन आला असेल तर तो नेढे नक्की शोधेल.

निशिगंध

कण्हेर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गणपतीच्या मूर्तीचा केक मागणाऱ्यांनाही मी हेच सांगते. समजावून सांगितले तर लोक ऐकतात, आणि एखाद्याने आग्रह धरलाच तर मूर्ती केकपासून वेगळ्या पाटावर मांडते.

रचना अशी करता येईल. मध्ये ८ इंची गोल केक, त्याला जोडून तीन बाजूंना निमुळते कापलेले तुकडे म्हणजे माच्या, आणि वर ५ इंची छोटा केक म्हणजे बालेकिल्ला. बालेकिल्ल्याखाली पातळ बोर्ड ठेवा आणि त्या बोर्डाखाली खालच्या केकच्या उंचीइतके कापलेले ४ डॉवेल (आधाराच्या काड्या) रोवा, नाहीतर वरचे वजन खालच्या केकमध्ये रुतते. नेढे केकमध्ये कोरायला जाऊ नका. वितळलेल्या कम्पाउंडमध्ये कुरमुरे घालून ते घट्ट दाबा आणि तो खडक वेगळाच घडवा.

तटबंदीच्या पट्ट्यांसाठी २५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये १ छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी भुकटी) मळा आणि पट्ट्या ३ मिलिमीटर जाड लाटा. चुरगाळून पुन्हा उघडलेली ॲल्युमिनियम फॉइल वरून दाबली की दगडाचा पोत उमटतो. मग कोरड्या ब्रशने कोको पावडर फिरवली की काळा कातळ दिसू लागतो. लाटताना कॉर्नफ्लोअर बेताने भुरभुरा, जास्त झाले तर कडांना भेगा पडतात. हाताला किंचित वनस्पती तूप लावले तर चिकटत नाही. मावळे ५-६ दिवस आधी करा आणि हवाबंद डब्यात न ठेवता पुठ्ठ्याच्या खोक्यात, वातानुकूलित खोलीत वाळवा. ती सोय नसेल तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, त्याची ऊब पुरते. मावळ्यांच्या आत तार किंवा टूथपिक घालू नका. लहान मुले आधी बाहुलीच तोंडात घालतात. आधार हवाच असेल तर कोरडी शेवई किंवा स्पॅगेटीची काडी वापरा.

सोनटक्का

सर्वांचे मनापासून आभार. मुलाच्या आईशी बोलले. सिंहासनाऐवजी निशाण ठेवण्याचे त्यांना लगेच पटले. रायगड आणि राजगड यांतला फरक मुलानेच आधी सांगितला होता, पण मोठ्यांनी लक्ष दिले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

आता रंगांबद्दल विचारते. निशाणाचा भगवा आणि बुरुजांचा राखाडी काळा मला नीट साधत नाही. काळा करायला गेले की फॉन्डंट सैल होतो आणि कडू लागतो. पालखीच्या दांड्याला सोनेरी चमक देण्याचाही विचार आहे.

दगडफूल

काळा रंग पांढऱ्या फॉन्डंटपासून करू नये. चॉकलेट फॉन्डंट घ्यावा आणि त्यात थोडाच काळा जेल रंग घालावा, म्हणजे रंग कमी लागतो आणि कडवटपणा येत नाही. पाण्यासारखे पातळ रंग फॉन्डंट सैल करतात, म्हणून जेलच घ्यावा. मळल्यावर रात्रभर झाकून ठेवला की रंग आपोआप गडद होतो, त्यामुळे हव्या त्या छटेच्या अलीकडेच थांबावे. बुरुजांना तर राखाडीच हवा आहे, तिथे काळ्याची एवढी गरजही नाही.

रंगांच्या बाबतीत आपण घरगुती बेकर्सनी अधिक काटेकोर असायला हवे, असे मला कळकळीने वाटते. भारतात खाद्यपदार्थांसाठी मोजकेच कृत्रिम रंग संमत आहेत आणि त्यांच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले, तेव्हा १२ नमुने कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरले होते. ज्या डबीवर घटक आणि परवाना क्रमांक नाही, ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

सोनेरी चमकीबद्दल तर स्पष्टच सांगतो. डबीवर 'विषारी नाही' असे लिहिलेले असणे आणि 'खाण्यायोग्य' असे लिहिलेले असणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेतील रोड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन १ ते ११ वर्षे वयाची ६ मुले आजारी पडली होती. केकवरच्या सोनेरी लस्टर डस्टमध्ये तांबे भरपूर प्रमाणात असल्याचे तपासात आढळले. ती भुकटी खाण्यासाठी बनवलेलीच नव्हती. पालखीचा दांडा साध्या पिवळ्या फॉन्डंटचा केला तरी तो पालखीचा दांडाच दिसेल.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या राज्यात घरी केलेले केक विकायला ऑक्टोबर २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती. आता १०० डॉलर भरून २ वर्षांचा परवाना मिळतो, पण ज्या पदार्थांना फ्रिजची गरज असते ते विकता येत नाहीत. त्यामुळे क्रीमचा केक आम्हाला शक्यच नसतो आणि बाहेर टिकणाऱ्या बटरक्रीमवरच फॉन्डंट चढवावा लागतो. सुरुवातीला ही अडचण वाटली, पण त्या नियमामुळेच मी खोलीच्या तापमानाला टिकणारा केक शिकले. सोनटक्काताई, तुमच्याकडे असा नियम नसला तरी ऑर्डर घेताना स्वतःला हाच प्रश्न विचारून पाहा : हा केक फ्रिजबाहेर ४ तास राहिला तर काय होईल?

पाटवडी

दगडफूल यांनी हवेचा फरक समजावला तो पटला. माझी पद्धत मी नाशिकबाहेर सुचवणार नाही. एक विनंती मात्र करते, दर ठरवताना किलोचा हिशेब करू नका. अशा केकमध्ये साहित्यापेक्षा वेळ जास्त जातो. मी मागच्या महिन्यात शेताच्या थीमचा केक केला, तेव्हा फक्त बैलजोडी आणि विहीर यांना ५ तास लागले, आणि किलोच्या दरात ते ५ तास कुठेच दिसत नव्हते. बाहुल्यांचे दर नगावर सांगा आणि ते आधी लिहून द्या. शिवाय दुचाकीवरून केक पोहोचवण्याचे कबूल करू नका.

सोनटक्का

आज २८ जुलै. केक परवा झाला आणि मी शब्द दिल्याप्रमाणे सविस्तर लिहिते आहे.

मावळे ८ केले आणि ते ६ दिवस आधी करून ओव्हनमध्ये दिव्याच्या उबेत वाळवले. दोन दिवस बाहेर संततधार होती, तरी ते कडक राहिले. केक २४ तारखेला भाजला, २५ ला कोरला आणि रात्री गनाश देऊन वातानुकूलित खोलीत २२ अंशांवर ठेवला, फ्रिजमध्ये नाही. पट्ट्या २६ ला सकाळी लावल्या. ५५० ग्रॅम फॉन्डंट पुरला. निशाण खाण्याच्या वेफर पेपरचे केले, सोनेरी चमक वापरली नाही. गाडीत केक मांडीवर न घेता मागच्या सपाट जागेवर न घसरणाऱ्या जाळीवर ठेवला आणि मावळे, पालखी व निशाण हॉलमध्ये पोहोचल्यावर बसवले. हॉलमध्ये या वेळीही फक्त पंखे होते. केक २ तास १० मिनिटे तसाच उभा राहिला. संजीवनी माचीच्या एका बुरुजाचा सांधा थोडा उघडला आणि नेढ्याचा खडक किंचित मऊ पडला, बाकी सगळे जागेवर होते. तटबंदीच्या पट्ट्यांना हलका चिकटपणा आला, पण रंग उतरला नाही.

मुलगा केकसमोर आला तेव्हा तो आधी काहीच बोलला नाही. बालेकिल्ल्यापासून सुरुवात करून त्याने बोटाने एकेक माची मोजली, नेढ्यातून पलीकडे बघितले आणि मग मला विचारले, "काकू, चोर दरवाजा कुठे आहे? आम्ही तिथूनच वर आलो होतो." तो मी केलेला नव्हता. त्याच्या बाबांनी पद्मावती माचीखालची जागा दाखवली. माझ्या डब्यात उरलेला राखाडी फॉन्डंट होता. मी तिथेच नखाएवढी चौकट घडवली, पाण्याच्या बोटाने चिकटवली, आणि मग त्याने केक कापला. कापताना सुरी चोर दरवाजापासून लांब, सुवेळेच्या बाजूने घातली.

कण्हेर

पायथ्याच्या गुंजवणे गावाकडून चढला असणार. फोटो जरूर टाका, आणि चोर दरवाजा दिसेल असा टाका.

निशिगंध

सांधा उघडला त्याबद्दल : पुढच्या वेळी नुसत्या पाण्याऐवजी थोडा फॉन्डंट आणि चिमूटभर सीएमसी पाण्यात कालवून दाट खळ करा आणि तिने बुरूज जोडा. पावसाळ्यात नुसत्या पाण्याने जोडलेला सांधा लवकर सुटतो. ही खळ झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर काही दिवस टिकते.